गोव्याचं बंदर गाळलं तर? छोट्या क्रूझवर ऐनवेळी बेत बदलला की काय करायचं

मुंबईहून दोन-तीन रात्रींच्या क्रूझला जाणारी मराठी कुटुंबं आता कमी नाहीत. संध्याकाळी बॅलार्ड पिअरला चढायचं, सकाळी गोव्यात उतरायचं, दिवस फिरून पुन्हा जहाजावर, असा सुटसुटीत बेत. तिकिटावर 'मुंबई–गोवा–मुंबई' असं ठळक छापलेलं असतं. पण त्याच तिकिटाच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत कंपनीने मार्ग बदलायचा, बंदर गाळायचा आणि वेळ पुढेमागे करायचा हक्क स्वतःकडे ठेवलेला असतो. हे एका कंपनीचं नाही. झाडून सगळ्या क्रूझ कंपन्या हेच करतात.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या क्रूझला पैसे मोजायचे ते जहाजासाठी, बंदरासाठी नाही. बुकिंग करण्यापूर्वी घरात एकच प्रश्न विचारा: "गोवा लागलंच नाही, तर हे तीन दिवस आपल्याला आवडतील का?" उत्तर 'नाही' आलं तर सरळ कोकण रेल्वेचं तिकीट काढा. गोवाच बघायचं असेल तर तो मार्ग स्वस्तही आहे आणि भरवशाचाही. उत्तर 'हो' असेल तर पुढचं वाचा.

छोट्याच फेरीला फटका जास्त का बसतो

मुंबई ते मोर्मुगाव, म्हणजे गोव्याचं बंदर, हे अंतर समुद्रमार्गे साधारण २३० सागरी मैल धरा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. जहाज १६ नॉटने चाललं तर साडेचौदा तासांच्या आत-बाहेर पोचतं. म्हणजे संध्याकाळी पाचला सुटलेलं जहाज सकाळी साडेसातच्या सुमारास मोर्मुगावला.

आता सुटायलाच चार तास उशीर झाला असं समजा. तरीही साडेसातलाच पोचायचं तर २२ नॉटचा वेग लागेल. जुन्या, मध्यम आकाराच्या जहाजांना तो झेपत नाही, आणि झेपला तरी परवडत नाही. पाण्यातून जाताना लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते, आणि तासाला जळणारं इंधनही त्याच हिशेबाने वाढतं. त्यामुळे 'रात्रीतून भरून काढतील' ही आशा फार धरू नये.

सात-दहा दिवसांच्या सफरीत कप्तानाकडे हात-पाय पसरायला जागा असते. आजचं बंदर उद्यावर टाकता येतं, दोन बंदरांची अदलाबदल करता येते. दोन-तीन रात्रींच्या फेरीत बंदर एकच, आणि परतीच्या दिवशी मुंबईच्या धक्क्यावर पुढच्या फेरीचे प्रवासी बॅगा घेऊन उभे. परतीची वेळ हलवता येत नाही म्हटल्यावर कात्री लागते ती गोव्यातल्या तासांनाच. नऊ तासांचे पाच होतात, पाचाचे कधी शून्य.

बदल कशामुळे होतात

सगळ्यांत मोठं कारण हवामान. पण 'समुद्र खवळला' एवढ्यावर ते संपत नाही. दहा-बारा मजली जहाजाची बाजू वाऱ्यात शिडाचं काम करते. भर समुद्रात त्याचं काही बिघडत नाही, पण अरुंद बंदरात, धक्क्यापासून काही मीटरवर, तोच वारा जहाजाला ढकलत नेतो. शिवाय बंदरात शिरण्यासाठी स्थानिक पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, लागतो. तो छोट्या बोटीतून येतो आणि चालत्या जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोरीच्या शिडीवरून वर चढतो. लाटांमुळे पायलटला चढता आलं नाही की जहाज बाहेरच थांबतं. वर डेकवर ऊन पडलेलं असतं, लोक पोहण्याच्या तलावात असतात आणि 'एवढं छान हवामान असताना आत का नेत नाहीत?' अशी कुजबुज सुरू होते. कारण बहुतेक वेळा त्या पायलट बोटीत असतं.

लक्षद्वीपच्या फेऱ्यांना हा धोका आणखी. तिथे मोठं जहाज लागेल असा धक्का नाही. जहाज प्रवाळभिंतीच्या बाहेर उभं राहतं आणि प्रवाशांना लहान बोटींतून, भिंतीतल्या खिंडारातून, आत लगूनमध्ये, म्हणजे भिंतीआडच्या उथळ पाण्यात, नेतात. ज्या लाटा जहाजावर जाणवतही नाहीत, त्याच लाटांवर लहान बोट जहाजाच्या दाराशी हातभर, कधी पुरुषभर वर-खाली होते. सत्तर वर्षांच्या आजींना त्या क्षणी पाऊल टाकायला लावणं कुठल्याही शहाण्या कप्तानाला जमणार नाही.

दुसरं कारण सरकारी परवानगी. २०२२ च्या जूनमध्ये चेन्नईहून निघालेलं क्रूझ जहाज पुदुच्चेरीजवळ पोचलं, पण प्रशासनाने परवानगी न दिल्यामुळे प्रवाशांना तिथे उतरता आलं नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर कोविडचे रुग्ण सापडले. ते मोर्मुगावला अडकलं आणि शेवटी मुंबईला परतलं. असे प्रकार रोज होत नाहीत, पण झाले की त्यांचा अंदाज कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

बाकी कारणं किरकोळ वाटतात, पण घडतात. इंजिनात बिघाड, धक्का दुसऱ्या जहाजाने अडवलेला, एखाद्या प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आल्याने जहाज जवळच्या बंदराकडे वळवणं. या शेवटच्या कारणावर कोणी कुरकुर करताना दिसलं तर त्याच्या टेबलावर बसू नका.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. निर्णय कप्तानाचा असतो आणि तो कायद्यानेच त्याचा असतो. समुद्रातल्या सुरक्षेसाठीच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारातल्या पाचव्या प्रकरणाचा ३४-१ हा नियम सांगतो की जीविताच्या सुरक्षेसाठी कप्तान घेत असलेल्या निर्णयात मालक, भाड्याने घेणारा, चालवणारी कंपनी किंवा आणखी कोणीही आडकाठी करायची नाही. जिथे मालकाचं चालत नाही तिथे रिसेप्शनवरच्या मुलीचं काय चालणार?

बुकिंग करताना

आधी महिना ठरवा. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम: मॉन्सूनच्या आधी मे-जून आणि मॉन्सून ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. २०२० चं निसर्ग जूनमधलं, २०२१ चं तौक्ते मेमधलं. आणि २०१९ मध्ये ऐन दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' होतं, त्याच्या पाठोपाठ 'महा'. म्हणजे शाळांना सुटी आणि समुद्राला उधाण, दोन्ही एकाच वेळी येऊ शकतं. तारखा तुमच्या हातात असतील तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडा. नाताळचा आठवडा मात्र टाळा. समुद्र शांत असतो, पण गोव्यातले रस्ते तुंबतात आणि टॅक्सीवाला भेटलाच तर दर ऐकून चक्कर येते.

मग प्रत्येक बंदराबद्दल एजंटला एकच प्रश्न: "जहाज धक्क्याला लागतं की लहान बोटीने उतरवतात?" मोर्मुगावला धक्का आहे, लक्षद्वीपला नाही. एजंटला याचं उत्तर माहीत नसेल तर एजंट बदला.

अटींचं पान वाचण्याचा कंटाळा येतो हे खरं, पण सगळं वाचायची गरजही नाही. शोधायचं एवढंच:

– बंदर गाळलं तर बंदर शुल्क परत मिळतं का, आणि ते रोख की जहाजावर खर्च करायच्या रकमेच्या रूपात?
– सुटण्याची तारीख किंवा सुटण्याचं ठिकाणच बदललं तर पूर्ण परतावा मागता येतो का, आणि किती दिवसांत?
– संपूर्ण फेरी रद्द झाली तर रोख मिळते की पुढच्या फेरीचं कूपन? कूपनची मुदत किती?

या उत्तरांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट. संकेतस्थळावरच्या अटी पुढे बदलतात आणि तुम्ही मान्य केलेल्या अटी त्या दिवशीच्या असतात.

विम्याबद्दल दोन वाक्यं. बहुतेक साध्या प्रवास विम्यात 'फेरी रद्द' झाल्याची भरपाई असते, 'बंदर चुकल्याची' नसते. ती हवी असेल तर पॉलिसीत तसं लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. आणि वादळाला नाव पडल्यानंतर विमा काढायला धावण्यात अर्थ नाही, कारण जे संकट आधीच जाहीर झालंय त्याची भरपाई विमा कंपन्या सहसा देत नाहीत.

परतीचं तिकीट हे सगळ्यांत दुर्लक्षित प्रकरण. जहाज सकाळी नऊला मुंबईत येणार म्हणून अकराची गाडी काढणारे पुष्कळ. धक्क्याला लागणं, सामान उतरणं, रांग, बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सी मिळणं, यात दोन तास हां हां म्हणता जातात, आणि त्यात जहाजच उशिरा आलं तर संपलंच. पुण्याच्या मंडळींनी संध्याकाळची डेक्कन क्वीन धरावी, नाशिककरांनी संध्याकाळची पंचवटी, कोल्हापूर-सांगलीच्यांनी रात्रीची महालक्ष्मी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बॅलार्ड पिअरपासून जवळच आहे, म्हणून वेळेत उतरलात तर दुपारचं जेवण फोर्टात निवांत करता येतं. विमान असेल तर दुसऱ्या दिवशीचंच घ्या. नागपूरहून आलेल्या आठ जणांच्या कुटुंबाला ऐनवेळी नवी आठ तिकिटं घेण्यापेक्षा मुंबईत एक रात्र राहणं केव्हाही स्वस्त.

शेवटच्या आठवड्यात काय बघायचं

निघायच्या पाच-सहा दिवस आधीपासून रोज दहा मिनिटं पुरतात.

हवामान खात्याचा अरबी समुद्रासाठीचा इशारा बघा. 'कमी दाबाचं क्षेत्र' तयार झालं आणि ते तीव्र होतंय असं दिसलं की सावध व्हा. वर्तमानपत्रात 'बंदरात एक नंबरचा बावटा' अशी बातमी आली तर अर्थ असा की वादळी प्रणाली दूर समुद्रात आहे. बंदराला लगेच धोका नाही, पण सुटणाऱ्या जहाजांना इशारा आहे. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे खुद्द बंदरात सोसाट्याचा वारा अपेक्षित आहे. तीन नंबर वाचूनही 'मोठं जहाज आहे, काही होत नाही' म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. जहाजाला काही होत नाही हे त्यांचं खरं. प्रश्न जहाज बंदरात शिरेल का, हा असतो.

लाटांसाठी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या केंद्र सरकारच्या संस्थेचा सागरी अंदाज उघडा. तिथे लाटांची उंची मीटरमध्ये दिलेली असते. ती आकडेवारी वाचताना एक खुबी आहे: दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे अधूनमधून येणारी एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही असू शकते. लक्षद्वीपला जाणार असाल तर याच संस्थेचे 'कल्लक्कडल' या नावाने येणारे इशारेही वाचा. दक्षिणेकडे हजारो किलोमीटरवर उठलेल्या लाटा केरळ आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात, तेव्हा स्थानिक वारा जवळपास पडलेला असतो. आकाश निरभ्र आणि बोटी बंद, असा दिवस यामुळेच उगवतो.

आदल्या दिवशी जहाज कुठे आहे ते मोबाइलवर बघा. जहाजांची जागा दाखवणारी ॲप फुकट मिळतात. आधीची फेरी उशिरा परतत असेल तर तुमचं चढणंही उशिरा होणार. मग घरून सकाळी सहाला निघून धक्क्यावर उन्हात ताटकळण्यात हशील नाही. मात्र कंपनीचा मेसेज आल्याशिवाय स्वतःच्या अंदाजाने उशीर करू नका.

हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नव्हे, या गोष्टी हव्यात: रोजची औषधं ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, गोव्यातल्या चालकाचा आणि परतीच्या गाडीचा तपशील कागदावर लिहिलेला, कारण समुद्रात नेटवर्क गेलं की फोनमधलं बुकिंग उघडत नाही. कोणाला बोट लागत असेल तर ॲव्होमिनसारख्या गोळीबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

बंदरातला बेत: एका फोनवर मोडता येईल असाच

गोव्यातल्या दिवसाचे तीन बेत करा, अंतराप्रमाणे.

पूर्ण दिवस मिळाला तर फोंड्याकडे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत तिथे आहे: मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा. बंदराला लागून असलेल्या वास्को शहरापासून तीस-चाळीस किलोमीटरचा टप्पा. अभिषेक सांगितला असेल तर गुरुजींना आधीच स्पष्ट सांगा की आम्ही जहाजाने येतोय, वेळ सरकू शकते, आणि अगदी नाहीच जमलं तर आमच्या नावाने तुम्ही करून घ्या. देवाची दक्षिणा आधी पाठवून ठेवली की तिथला प्रश्न मिटला.

पाच-सहा तास मिळाले तर पणजी आणि जुनं गोवं. झुआरी नदीवरचा नवा पूल झाल्यापासून हा रस्ता पूर्वीइतका छळत नाही. तरी परतीला दीड तास हातात ठेवा.

तीन तास मिळाले तर वास्को सोडू नका. बोगमाळोचा किनारा आणि त्याच वाटेवरचं नौदलाचं विमान संग्रहालय, एवढं पुष्कळ झालं. संग्रहालय सोमवारी बंद असतं. मुलांना विमानं आवडतात आणि मोठ्यांना बोगमाळोला मासे मिळतात, म्हणजे घरात भांडण नाही.

टॅक्सी ठरवताना आगाऊ रक्कम कमीत कमी द्या आणि चालकाशी आधीच बोलून ठेवा. मेसेज तयार असू दे: "दादा, जहाज साडेसातऐवजी अकराला लागतंय. मंगेशी रद्द, फक्त बोगमाळो. अकरा वीसला बंदराच्या फाटकावर या. लागलंच नाही तर दहाच्या आत कळवतो, तुमचे अमुक रुपये देणं लागतो." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्याने तुमच्यासाठी दुसरं भाडं सोडलेलं असतं. बंदर हुकल्याचा राग त्याच्यावर काढू नये आणि त्याचे पैसे बुडवू नयेत.

कंपनीमार्फत घेतलेली सहल महाग पडते, पण बंदर गाळलं तर तिचे पैसे आपोआप परत येतात, आणि कंपनीची बस उशिरा आली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबतं. बाहेरच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. लक्षद्वीपला तर दुसरा विचारच नको. तिथे उतरायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि आगत्तीचं विमानतळ लहान आहे. जहाज चुकवून मागे राहण्याची ती जागा नव्हे.

घोषणा झाली: पहिला तास

बहुतेक जहाजांवर साध्या घोषणा केबिनमधल्या स्पीकरवर येत नाहीत. तो तातडीच्या प्रसंगासाठी राखलेला असतो. कॉरिडॉरमध्ये आणि डेकवर आवाज येतो. सकाळी 'डिंग-डाँग' ऐकू आलं की केबिनचं दार उघडून नीट ऐका. चार गोष्टी टिपा: कारण काय, नवी पोचण्याची वेळ, जहाजावर परत येण्याची शेवटची वेळ, पुढची घोषणा कधी.

एका फेरीत हे जवळून बघायला मिळालं. कप्तानाने सांगितलं, धक्का रिकामा नाही, साडेतीन तास उशीर. पाच मिनिटांत रिसेप्शनसमोर ही मोठी रांग. पुढे एक आजोबा काउंटरवर मूठ आपटत होते, मागे दोन बायका शांतपणे उपम्याच्या प्लेट घेऊन उभ्या, कारण रांग सोडवत नव्हती आणि नाश्ताही बंद होणार होता. एवढ्यात नव्या वेळा जहाजाच्या ॲपवर आणि केबिनमधल्या टीव्हीवर लागल्याही होत्या. रांगेतल्या कोणाला पत्ता नव्हता. काउंटरवरची मुलगी तीच स्क्रीन बघून उत्तरं देत होती.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी टीव्ही आणि ॲप. मग किनारा जवळ असून मोबाइलला रेंज असेल तोवर चालकाला, गुरुजींना, गोव्यात भेटणाऱ्या नातेवाइकांना मेसेज. खोल समुद्रात फोन आपोआप जहाजाचं महागडं नेटवर्क पकडू शकतो, म्हणून काम झालं की एअरप्लेन मोड. त्यानंतर, बंदर पूर्णच गाळलं असेल तर, ताबडतोब दिवसाची बुकिंगं: रात्रीच्या कार्यक्रमाची जागा, मुलांचे खेळ, विशेष रेस्टॉरंटमधलं टेबल. बाकीचे दीड हजार लोकही आता दिवसभर जहाजावरच असणार आहेत. तासाभरात सगळं भरतं. रिसेप्शनला जायचं ते शेवटी, गर्दी ओसरल्यावर, आणि एकच गोष्ट मागायला: बदलाची लेखी सूचना. ती मिळाली नाही तर टीव्हीच्या पडद्याचा फोटो, वेळ दिसेल असा.

गट मोठा असेल तर एकाच माणसाने निर्णय घ्यावा आणि तो माणूस निघण्यापूर्वीच ठरलेला असावा. अकरा जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मग काय करायचं?' सुरू झालं की गोव्यातले तीन तास त्यातच जातात.

ज्येष्ठांना आधी सांगा, आणि सांगताना सूर सांभाळा. "आई, आज मंगेशीला जाणं होत नाही" यापेक्षा "आई, अभिषेक गुरुजी तुझ्या नावाने करतायत, आपण इथूनच नमस्कार करू" हे ऐकायला सोपं जातं.

परतीलाच उशीर झाला तर

मुंबईत धक्क्याला लागायला उशीर होतोय असं कळलं की गाडीचं तिकीट लगेच रद्द करण्याची घाई नको, पण चार्ट तयार होईपर्यंत थांबूही नका. परताव्याचे नियम चार्टनंतर कडक होतात. कार्यालयात जायचं असलेल्यांनी साहेबांना आदल्या संध्याकाळीच कळवावं, रेंज असेल तिथून. आणि हातातल्या पिशवीतली ती जास्तीची औषधं आता उपयोगी पडतात.

देशाबाहेरची छोटी क्रूझ: इथे बदल व्हिसापर्यंत जातो

सिंगापूरहून पेनांग-फुकेतच्या तीन-चार रात्रींच्या क्रूझ आपल्याकडच्या टूर कंपन्या सर्रास विकतात. यातल्या पेनांगला जहाज जॉर्जटाउनमधल्या स्वेटनहॅम पिअरला थेट लागतं. फुकेतला मोठी जहाजं पाटाँगसमोर नांगर टाकतात आणि लहान बोटीने उतरवतात. मे ते ऑक्टोबर तिथला समुद्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी उसळलेला असतो. उन्हाळी सुटीत जायचं असेल तर फुकेत हुकण्याची तयारी ठेवा, पेनांगवर भिस्त ठेवा. जहाज सिंगापूरला परत येतं म्हणजे तुम्ही तिथे दुसऱ्यांदा प्रवेश करता, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा आणि आगमनाचं ऑनलाइन कार्ड पुन्हा भरावं लागतं. वाटेतल्या देशांचे व्हिसा नियम निघायच्या आठवड्यात तपासा, आणि बंदर बदलून दुसऱ्या देशात गेलं तर काय, हे कंपनीला लेखी विचारा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक बारकावा, जो फार थोडे जण ध्यानात घेतात. पासपोर्टवरचा एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा शिक्का संपलेला, पण आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू, अशा स्थितीत कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं. त्याला 'ऑटोमॅटिक व्हिसा रीव्हॅलिडेशन' म्हणतात. यावर विसंबून काही जण टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून मेक्सिकोच्या कोझुमेलची क्रूझ घेतात. पण वादळामुळे जहाज बहामाकडे किंवा जमैकाकडे वळलं तर? एच-१बी धारकांना ही सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरतीच आहे. जवळच्या बेटांची मुभा एफ (विद्यार्थी) आणि जे (शैक्षणिक देवाणघेवाण) व्हिसावाल्यांना आहे, आणि त्यातूनही क्यूबा वगळलेलं. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या, जहाजाला अमेरिकेतून निघून तिथेच परतायचं तर १८८६ च्या कायद्यामुळे सहसा एक तरी परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून कप्तान मेक्सिको गाळला की दुसरा देश शोधतो. शिक्का संपलेला असताना अशी क्रूझ घेऊच नका. घेणारच असाल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

पैसे परत मिळवताना

हवामानामुळे बंदर गाळलं असेल तर मिळेल ते साधारण एवढंच: त्या बंदराचं शुल्क आणि कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीची रक्कम. कधी खुशीने जहाजावर खर्च करायला थोडी रक्कम देतात, ती परतीच्या रात्रीआधी वापरून टाका. उरलेली बहुधा वाया जाते. उतरण्यापूर्वी जहाजावरच्या खर्चाच्या खात्याचा छापील हिशेब घ्या आणि परतावा त्यात दिसतोय का ते तिथेच बघा.

कारण तांत्रिक असेल, किंवा बंदर मिळणार नाही हे कंपनीला आधीच ठाऊक असूनही तुम्हाला चढवून घेतलं असेल, तर प्रकरण वेगळं. तिथे 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' हे मुद्दे उभे राहतात. घरी आल्यावर आठवडाभरात कंपनीला ई-मेल लिहा. बुकिंग क्रमांक, ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ, जहाजावरच्या सूचनेचा फोटो, झालेला जादा खर्च पावत्यांसह, आणि नेमकी मागणी रुपयांत. 'आमच्या सुटीचा बट्ट्याबोळ झाला' हे वाक्य मनात ठेवा, पत्रात आकडा लिहा. एजंटमार्फत बुकिंग असेल तर त्यालाही प्रत पाठवा. तो 'कंपनीला विचारा' म्हणेल आणि कंपनी 'एजंटला विचारा' म्हणेल, म्हणून दोघेही एकाच मेलमध्ये हवेत.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी साताऱ्याच्या माणसाने साताऱ्यात केली तर चालते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, तक्रार 'ई-जागृति' पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते आणि स्वतः बाजू मांडायची मुभा आहे. मुदत घटनेपासून दोन वर्षं.